लाल पानांचा मळा

गेल्या महिन्यांत आमच्या एका वाचकभगिनींचें पत्र आलें. त्या कांहीं महिने आपल्या मुलाकडे कॅलिफोर्नियांत राहून नुकत्याच परत आल्या आहेत. तेथें शरदृतूंत त्यांना नापा खोऱ्यांतील द्राक्षमळे पाहावयास नेलें होतें. टेकडीच्या उतारावर सरळ रांगांत उभ्या असलेल्या वेली, त्यांवर पडलेलें उतरतीचें ऊन, आणि त्यांतील एका तुकड्याचीं पानें कुंकवासारखीं लालभडक! असा मळा आमच्या नाशिककडे कधीं दिसला नाहीं, असें त्या लिहितात. सूनबाईंना त्या वेलींपुढें उभें करून छायाचित्रही घेण्यांत आलें. इतक्यांत मळ्यावरील एका माणसानें सहज सांगितलें कीं, हा तुकडा पाहावयाचा तो याच वर्षीं पाहून घ्या. या वेली रोगट आहेत, आणि हंगाम संपतांच त्या मुळासकट उपटावयाच्या आहेत.

पत्राच्या शेवटीं बाईंनीं तीन प्रश्न विचारले आहेत. इतका सुंदर दिसणारा हा रोग तरी कोणता? जें डोळ्यांना सौंदर्य म्हणून दिसतें तो रोग आहे, हें कोणीं व कसें ओळखलें? आणि माणसाला औषध देतात तसें वेलीला न देतां तिला उपटून कां टाकतात? शिवाय त्यांनीं एक प्रांजळ कबुलीही दिली आहे. ती मात्र आम्ही लेखाच्या शेवटाकरितां राखून ठेवतों.

वेलीचें पान म्हणजे तिचें स्वयंपाकघर होय. उन्हाच्या साहाय्यानें तेथें साखर तयार होते, आणि शिरांमधील बारीक नळ्यांतून ती फळाकडे, मुळाकडे व कोवळ्या शेंड्याकडे पोंचविली जाते. कांहीं रोगांत नेमकें या नळ्यांचेंच काम बिघडतें. मग साखर पानांतच सांचून राहते, आणि काळ्या द्राक्षांच्या जातींत अशा सांचलेल्या साखरेबरोबर पानांत लाल रंगद्रव्य उत्पन्न होतें. म्हणजे जी लाली पाहून आपण हरखतों ती घोंसाच्या वाट्याची, पण त्याच्यापर्यंत न पोंचलेली शिदोरी होय! पान रंगतें आणि फळ सपक राहतें. नापा खोऱ्यांतील द्राक्षें खाण्याकरितां नव्हे, तर मद्य करण्याकरितां पिकवितात; त्यांची किंमत त्यांतील साखरेवर, रंगावर व स्वादावर ठरते. तेथें हा रोग म्हणजे मालकाच्या वर्षभराच्या कष्टांवर पडलेला दरोडाच समजावा.

रोगानें सौंदर्य द्यावें, ही गोष्ट नवी नाहीं. सतराव्या शतकांत हॉलंडमध्यें ट्यूलिपच्या कंदांचें लोकांना वेड लागलें होतें. ज्या फुलांच्या पाकळ्यांवर ज्वाळेसारखे पट्टे उमटत, त्यांचा एकेक कंद अवाच्या सवा किंमतीला विकला जाई. पुढें १९२८ सालीं इंग्लंडमध्यें डोरोथी केली या विदुषींनीं असें दाखविलें कीं, पट्टेदार फुलाच्या कंदाचा तुकडा एकरंगी फुलाच्या कंदाला जोडला, तर त्यालाही पट्टेदार फुलें येऊं लागतात. ती शोभा म्हणजे एका संसर्गजन्य रोगाचें लक्षण होतें. लोक ज्यासाठीं पैका उधळीत होते, तो वस्तुतः एक विषाणु होता!

आतां विषाणु म्हणजे काय, आणि जो डोळ्यांना दिसत नाहीं त्याला माणसानें कसें पकडलें, हें सांगण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. ही कथा द्राक्षवेलीवर नव्हे, तंबाखूच्या रोपावर सुरू होते. हॉलंडमधील वागेनिंगेन येथें आडोल्फ मायर हे रसायनशास्त्रज्ञ तंबाखूच्या पानांवर हिरवे-फिक्के ठिपके पाडणाऱ्या एका रोगाचा अभ्यास करीत होते. रोगट पानाचा रस निरोगी रोपांत टोंचला असतां तें रोपही आजारी पडतें, असें त्यांनीं १८८६ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांची समजूत अशी कीं, हें एखाद्या सूक्ष्मजंतूचें काम असावें. त्या काळीं जंतु पकडण्याची एक उत्तम युक्ति निघाली होती. ती म्हणजे अतिबारीक छिद्रांची चिनी मातीची गाळणी. आपण घरीं पाणी वस्त्रगाळ करतों. या गाळणींतून तर जंतूदेखील पलीकडे जाऊं शकत नसत. १८९२ सालीं रशियांत दिमित्री इव्हानोव्स्की यांनीं रोगट पानाचा रस अशा गाळणींतून गाळला. खालीं उतरलेला रस स्वच्छ होता; पण तो निरोगी पानाला लावतांच रोग पुन्हां हजर! गाळणींत कांहीं दोष असेल किंवा रसांत जंतूंनीं सोडलेलें विष असेल, अशी त्यांनीं आपली समजूत घातली.

हॉलंडमधील मार्टिनस बायेरिंक यांनीं मात्र १८९८ सालीं पुढचें पाऊल टाकलें. गाळलेल्या रसानें एक रोप आजारी पाडावें, त्याचा रस गाळून दुसरें, दुसऱ्याचा गाळून तिसरें; तरी रोगाचा जोर कमी होत नाहीं, असें त्यांना आढळलें. विष असतें तर तें दर वेळीं पातळ होत जाऊन संपलें असतें. ज्या अर्थीं तें संपत नाहीं, त्या अर्थीं तें वाढतें. आणि वाढतें तेंही केवळ जिवंत पेशींच्या आंत, बाहेर नव्हे. या अदृश्य पदार्थाला त्यांनीं व्हायरस हें जुनें लॅटिन नांव दिलें. त्या शब्दाचा मूळ अर्थ विष; आपल्या भाषेंत त्यालाच आज आपण विषाणु म्हणतों.

पुढें १९३५ सालीं अमेरिकेंत वेंडेल स्टॅन्ले यांनीं तंबाखूच्या या विषाणूचे स्फटिक तयार केले. मिठा-साखरेप्रमाणें स्फटिकरूप होणारा पदार्थ पाण्यांत विरघळवून पानाला चोळला कीं पुन्हां रोग उत्पन्न करतो, हें पाहून सजीव कोणतें आणि निर्जीव कोणतें, याविषयीं मोठमोठे पंडित विचारांत पडले. पुढच्याच वर्षीं बॉडन व पिरी यांनीं त्यांत प्रथिनाबरोबर न्यूक्लिक आम्लही असतें असें दाखविलें, आणि १९३९ सालीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं तो विषाणु प्रथमच दृष्टीस पडला. दिसल्या त्या सरळ, बारीक काड्या. अशा तीन हजारांहून अधिक काड्या एकीपुढें एक मांडाव्या, तेव्हां कोठें एक मिलिमीटर लांबी भरते.

तंबाखूचें रोप हें अभ्यासकाला मोठें अनुकूल. रस काढावा, पानाला चोळावा, थोडे दिवस थांबावें आणि उत्तर मिळवावें. द्राक्षवेल तशी नाहीं. तिच्या रसांत तुरट द्रव्यें भरपूर असतात व तीं प्रयोगाचा विचका करतात. शिवाय तिचे कित्येक विषाणु शिरांमधील नळ्यांतच दडून राहतात आणि रस चोळून दुसरीकडे जात नाहींत. तेव्हां या वेलीला प्रश्न विचारावयाचा तो दुसऱ्या वेलीच्या तोंडूनच विचारावा लागतो. ज्या वेलीविषयीं संशय, तिचा डोळा घेऊन तो रोगाला लवकर बळी पडणाऱ्या व रोग स्पष्ट दाखविणाऱ्या जातीच्या वेलीवर बांधतात. पानें वळण्याच्या रोगाकरितां काबर्ने फ्रां ही जात अशी साक्षीदार म्हणून वापरतात. मग वाट पाहावयाची. एक शरदृतु नव्हे, बहुधा दोन. साक्षीदार वेलीचीं पानें लाल होऊन कडा खालीं वळल्या, तर डोळा देणारी वेल दोषी ठरते. जर्मनींत गेओर्ग शॉय यांनीं १९३५ च्या सुमारास याच मार्गानें सिद्ध केलें कीं, पानें वळण्याचा हा जुना विकार जमिनीचा किंवा हवेचा दोष नसून कलमाबरोबर एका वेलींतून दुसरींत जाणारा रोग आहे.

कलमाबरोबर, हे शब्द येथें महत्त्वाचे आहेत. द्राक्षाचें बीं पेरलें तर उगवणारी वेल आईसारखी निपजत नाहीं. म्हणून हजारों वर्षें माणूस काडी लावूनच द्राक्ष वाढवीत आला आहे. एका जातीच्या सर्व वेली म्हणजे खरें पाहतां एकाच मूळ वेलीचे तुकडे होत. बियांच्या वाटेनें निदान बरेचसे विषाणु गळून पडतात. काडीच्या वाटेनें ते सगळे वारसाहक्कानें पुढें येतात. त्यांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत युरोपांतील मळ्यांवर अमेरिकेंतून आलेल्या फिलोक्सेरा नांवाच्या किडीनें धाड घातली. मुळें खाणाऱ्या त्या किडीपासून बचाव म्हणून अमेरिकन वेलीच्या खुंटावर युरोपीय द्राक्षाचें कलम बांधण्याची चाल पडली, आणि मळे वांचले. पण दोन वेली एकत्र आल्या कीं त्यांचे रोगही एकत्र येतात. त्यांत अमेरिकन खुंटांची खोड अशी कीं, विषाणु अंगांत असूनही त्यांच्या पानांवर पुष्कळदां कांहींच दिसत नाहीं. हिरवागार, धट्टाकट्टा दिसणारा खुंट आपल्या शिरावरील कलमाला रोग देऊन स्वतः निर्दोष राहतो! आज द्राक्षवेलीवर ऐंशीहून अधिक विषाणु ज्ञात आहेत. इतके दुसऱ्या कोणत्याही पिकावर सांपडलेले नाहींत.

या तपासांत किती चकवे असतात, याचीं दोन उदाहरणें सांगतों. युरोपांत फार पूर्वींपासून एक रोग माहीत होता. त्यांत पानें पंख्यासारखीं विद्रूप होतात व घोंस विरळ धरतात. रोगट वेली काढून टाकल्या आणि त्याच जागीं चांगल्या लावल्या, तरी कांहीं वर्षांनीं त्याही आजारी पडत. दोष काडीचा कीं मातीचा? १९५८ सालीं कॅलिफोर्नियांतील डेव्हिस येथें ह्यूइट, रास्की व गोहीन यांनीं दाखवून दिलें कीं, मातींत राहणारा एक सूत्रकृमि मुळांतील रस शोषतांना हा विषाणु एका वेलीकडून दुसरीकडे नेतो. सूत्रकृमि वनस्पतींच्या विषाणूचा वाहक असतो, याचा तो जगांतील पहिला पुरावा होता. वेल उपटली तरी तिच्या मुळांचे तुकडे जमिनींत उरतात व त्यांवर ते कृमि वर्षानुवर्षें तग धरतात. म्हणून नव्या भाडेकऱ्याला जुन्याचें दुखणें लागत असे. दुसरें उदाहरण एम्परर नांवाच्या लाल द्राक्षांचें. कॅलिफोर्नियांत त्यांचे कांहीं घोंस पांढरट येत, आणि हा एक स्वतंत्र रोग समजला जाई. तोही त्याच १९५८ सालीं पानें वळण्याच्या रोगाचाच अवतार ठरला. नांवें दोन, रोग एक.

आमच्या भगिनींनीं पाहिलेल्या लाल मळ्याची कथा याच्या नेमकी उलट आहे. तेथें नांव एक आणि रोग दोन, असा प्रकार घडला.

दरम्यानच्या काळांत तपासाचीं साधनें पुष्कळ सुधारलीं होतीं. १९७७ पासून एलायझा नांवाची परीक्षा वनस्पतींच्या विषाणूंसाठीं वापरांत आली. तींत विषाणूच्या प्रथिनाला नेमकें चिकटणारें द्रव्य वापरतात, आणि विषाणु असला तर रंग उमटतो. त्यानंतर विषाणूच्या न्यूक्लिक आम्लाचा ठराविक तुकडा लक्षावधि पटींनीं वाढवून ओळखण्याची पीसीआर पद्धति आली. दोन वर्षांचें काम कांहीं तासांवर आलें. पण या दोन्ही परीक्षांना एक मर्यादा आहे. दाराबाहेर कोणी उभें असतां, "आपण गोविंदराव काय?" एवढेंच त्या विचारूं शकतात, उत्तर नाहीं असें आलें, तर मग आपण कोण, हें विचारण्याची त्यांना सोय नाहीं.

२००८ सालीं नापा खोऱ्यांत काबर्ने सोव्हिन्याँ जातीच्या कांहीं वेलींवर असा प्रसंग आला. पानें लाल झालीं होतीं, साखर कमी भरत होती. जाणत्यांनीं पानें वळण्याचा रोग म्हणून बोट दाखविलें. पण परीक्षेंत त्या रोगाचे ज्ञात विषाणु सांपडेनात. बारकाईनें पाहतां लक्षणेंही तंतोतंत जुळत नव्हतीं. पानांच्या कडा वळत नव्हत्या, आणि एरवीं हिरव्या राहणाऱ्या शिरांपैकीं कांहीं येथें लाल पडल्या होत्या. मग हा पाहुणा कोण?

याचें उत्तर एका नव्याच पद्धतीनें दिलें. आमच्या वाचकांच्या घरोघरीं देव्हाऱ्याजवळ जुन्या पोथ्यांचें बासन असतें, म्हणून पोथीचाच दृष्टांत देतों. समजा, एका मोठ्या ग्रंथाच्या शेंकडों प्रती आणि दोन-चार अनोळखी लहान पोथ्या यांचे कोणीं बारीक तुकडे केले व सगळे एका टोपलींत मिसळले. तुकडे वाचावयाचे, एकाचा शेवट दुसऱ्याच्या आरंभाशीं जुळला कीं ते जोडावयाचे, आणि मोठ्या ग्रंथांतील मजकूर ओळखून बाजूला काढीत जावयाचें. शेवटीं जें उरतें, तें त्या अनोळखी पोथीचें लिखाण. येथें मोठा ग्रंथ म्हणजे वेलीचा स्वतःचा आनुवंशिक मजकूर, आणि लहान पोथ्या म्हणजे तिच्यांत दडलेले विषाणु. लक्षावधि तुकडे वाचण्याचें काम यंत्र करतें, जुळविण्याचें काम संगणक करतो. या पद्धतींत कोणाचें नांव आधीं घ्यावें लागत नाहीं. घरांत कोण कोण आहे, एवढें विचारलें म्हणजे पुरतें.

याच पद्धतीनें डेव्हिस येथें २००९ सालीं सिरा जातीच्या एका खंगत चाललेल्या वेलीची तपासणी झाली होती. त्या एका वेलींत अनेक विषाणु निघाले आणि त्यांतील एक तर तोंवर कोणालाच ठाऊक नव्हता. लाल पानांच्या वेलींत डेव्हिस व न्यूयॉर्क संस्थानांतील कॉर्नेल येथील संशोधकांना २०१२ च्या सुमारास जो सांपडला, तोही असाच अपरिचित. द्राक्षाचे बहुतेक विषाणु आरएनए या द्रव्याचे बनलेले असतात. याचा मजकूर मात्र डीएनएचा, कड्यासारखा वाटोळा, आणि अवघ्या ३२०० अक्षरांच्या आसपास. आरंभीं त्याची निरनिराळ्या नांवांनीं नोंद झाली. मग लाल चट्ट्यांच्या रोगाशीं संबद्ध विषाणु, असें एक नांव रूढ झालें.

संबद्ध! वाचकांनीं या शब्दाकडे क्षणभर लक्ष द्यावें, कारण शास्त्राची सचोटी या एका शब्दांत आहे. चोरीच्या रात्रीं जो घरांत सांपडला तोच चोर, असें न्यायाधीश म्हणत नाहीं. शास्त्रज्ञानेंही म्हणूं नये. द्राक्षवेल हें तर अनेक बिऱ्हाडांचें घर. त्यांतले कांहीं भाडेकरू निरुपद्रवी असतात, कांहीं एकटे असतां गप्प बसतात, तर कांहीं दुसरा सोबतीला आला म्हणजे उचल खातात. केवळ उपस्थितीवरून एखाद्यावर आळ घेतला, तर खरा गुन्हेगार मोकळा राहतो आणि शेतकऱ्याच्या चांगल्या वेली मात्र जातात. म्हणून शोध लागल्यानंतरही तपास चालूच राहिला. १९१६ नव्हे, २०१६ सालीं काचगृहांतील प्रयोगांत असें दिसलें कीं, तुडतुड्यासारखा एक हिरवा, तीन कोपऱ्यांचा कीटक हा विषाणु रोगट वेलीवरून निरोगी वेलीवर नेऊं शकतो. २०१८ सालीं त्या विषाणूचा मजकूर प्रयोगशाळेंत तयार करून निरोगी वेलींत घातल्याचें, आणि त्या वेलींवर तींच लाल लक्षणें उमटल्याचें प्रसिद्ध झालें. त्यानंतर त्याचा कारणसंबंध सिद्ध झाला. पहिली शंका आणि शेवटचा पुरावा यांमध्यें दहा वर्षें गेलीं.

या तपासांतील एक गोष्ट आमच्या मनांत घर करून राहिली आहे. रोग २००८ मध्यें दिसला, म्हणजे तो तेव्हांच जन्मला काय? डेव्हिस येथील संशोधकांनीं वाळवून ठेवलेल्या जुन्या नमुन्यांत शोध केला. त्यांत सोनोमा परगण्यांतून १९४० सालीं खुडलेला अर्ली बर्गंडी जातीच्या वेलीचा नमुना होता. पाऊणशें वर्षें कागदावर पडून राहिलेल्या त्या सुक्या पानांत हाच विषाणु निघाला. ती नोंद २०१५ सालीं प्रसिद्ध झाली. ज्यानें तीं पानें खुडलीं त्याला विषाणूचा पत्ता नव्हता. त्यानें फक्त पानें नीट दाबलीं, स्थळ व साल लिहिलें आणि तीं जपून ठेवलीं. नीटनेटकेपणानें लिहून ठेवलेली साधी नोंदही कधीं कोणाच्या उपयोगीं पडेल, हें सांगतां येत नाहीं.

आतां बाईंचा तिसरा प्रश्न. औषध कां देत नाहींत? बुरशीला मारणारीं, किडींना मारणारीं औषधें आहेत, कारण बुरशी आणि कीड यांचा संसार वेलीपासून वेगळा असतो. विषाणूला स्वतःचा संसारच नाहीं. तो पेशींत शिरून तिच्याच भांड्याकुंड्यांवर आपला स्वयंपाक करतो. मळ्यांतील वेलींत त्याला मारून वेलीला राखील, असें औषध आज उपलब्ध नाहीं. छाटणीनें तो जात नाहीं, खतानें दबत नाहीं. एकदां लागण झाली कीं वेल जगेल तितकी वर्षें तो राहतो, आणि ती वेल शेजारच्या वेलींना रोग देत उभी राहते. म्हणून लागलेल्या वेली थोड्या असतील तर तेवढ्याच, पुष्कळ असतील तर सबंध तुकडाच काढून टाकणें शेवटीं कमी नुकसानीचें ठरतें. पंचवीस-तीस वर्षें उत्पन्न देणारी वेल भर ज्वानींत उपटतांना धन्याला काय वाटत असेल, याची कल्पना ज्यानें स्वतः एखादें झाड लावलें आहे त्यालाच येईल.

मात्र जातिवंत वेलीचें कुळ वांचविण्याचा एक उपाय आहे. १९५२ सालीं फ्रान्समध्यें मोरेल व मार्तँ यांनीं डेलियाच्या झाडावर दाखविलें कीं, वाढत्या शेंड्याच्या अगदीं टोंकाशीं विषाणु बहुधा पोंचलेला नसतो. तें टोंक, मोहरीच्या दाण्याहूनही लहान, सूक्ष्मदर्शकाखालीं कापून कांचेच्या नळींत पोषक द्रव्यावर वाढविलें, तर त्यापासून निरोगी रोप मिळूं शकतें. द्राक्षांतही हीच युक्ति वापरतात, आणि मिळालेलें रोप पुन्हां पुन्हां तपासून, निर्दोष ठरल्यावर, मातृवेल म्हणून जतन करतात. शेतकऱ्यांना काड्या जावयाच्या त्या अशाच मातृवेलींच्या संततीपासून. रोग झाल्यावर उपाय नाहीं. म्हणून सारा भार लावणीपूर्वींच्या परीक्षेवर आहे.

हें सर्व सातासमुद्रांपलीकडचें आहे, असें मात्र कोणीं समजूं नये. परसांतील भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडून त्यांचें जाळें उठून दिसतें आणि भेंड्या पांढुरक्या व निबर येतात, हें आमच्या अनेक भगिनींनीं पाहिलें असेल. शेतकरी त्याला हळद्या म्हणतात. मुंबई इलाख्यांतील पिकांच्या अशा रोगांविषयीं जी. एस. कुलकर्णी यांनीं १९२४ सालीं लिहिलें, त्यांत या रोगाची नोंद आहे. आणि १९४० सालीं उप्पल, वर्मा व कपूर यांनीं तो विषाणूचा रोग म्हणून वर्णिला. पांढरी माशी त्याचा प्रसार करते. आजच्या वर्गीकरणाप्रमाणें भेंडीचा हा विषाणु आणि नापा खोऱ्यांतील लाल चट्ट्यांचा विषाणु हे एकाच गोत्रांतले भाऊबंद ठरतात! द्राक्षाविषयीं म्हणाल, तर पानें वळण्याच्या रोगाचे विषाणु भारतांतील वेलींतही आढळल्याच्या नोंदी २०१२ पासून प्रसिद्ध झाल्या आहेत. आणि त्या विषाणूंचा वाहक जो पिठ्या ढेकूण, तो आमच्या नाशिक-सांगलीकडील बागाइतदारांचा जुना वैरी आहे. पुण्याजवळ मांजरी येथें १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. आमचे बागाइतदार खुंटावर कलम बांधूं लागल्यालाही आतां बरींच वर्षें झालीं. म्हणजे युरोपांत जी चूक अजाणतां झाली, ती येथें जाणतेपणीं टाळण्याची संधि आपल्याला आहे. काडी कोणाच्या मळ्यांतली, एवढें विचारून भागणार नाहीं. ती तपासलेली आहे काय, हेंही विचारलें पाहिजे.

आणि आतां ती कबुली. बाई लिहितात कीं, त्या लाल वेलीची एक काडी हळूच पिशवींत घालून घरीं आणावी आणि परसांत लावावी, असा मोह त्यांना झाला होता. पण मळ्यावरील माणसाचें बोलणें ऐकून हात मागें आला. फार चांगलें झालें. परदेशांतून लावणीचें साहित्य परवान्यावांचून व तपासणीवांचून आणण्यास आपल्याकडे २००३ च्या आदेशान्वयें मनाई आहे. परंतु कायदा नसता, तरीही आम्हीं हेंच म्हटलें असतें. ज्या काडीबरोबर एक सुंदर रंग आला असता, तिच्याबरोबर तो पाहुणाही आला असता.

शेजारणीकडून जाईची फांदी मागून आणणें, माहेरच्या गुलाबाचें कलम सासरीं लावणें, या आमच्या घरांतील गोड चाली आहेत. त्या बंद पडाव्या असें आम्हांस मुळींच वाटत नाहीं. फक्त फांदी तोडण्यापूर्वीं आईझाडाकडे एकदां निरखून पाहावें. पानांवर ठिपके, शिरांत पिवळेपणा, फुलांत न शोभणारे पट्टे दिसले, तर तें झाड सोडावें. नवें रोप आणलें, तर पहिला हंगाम तें इतरांपासून दूर ठेवावें. आणि हिरवें पान म्हणजे निरोगी पान, अशी खात्री मात्र बाळगूं नये. अमेरिकन खुंटानें शिकविलेला धडा तोच आहे.

बाईंनीं पत्रासोबत तें छायाचित्रही पाठविलें आहे. सूनबाई हंसत उभ्या आहेत, आणि मागें लाल पानांची रांग उन्हांत पेटल्यासारखी दिसते. चित्र खरोखरच सुंदर आहे. त्या चित्राच्या पाठीमागें स्थळ, महिना आणि साल लिहून तें जपून ठेवावें, एवढी आमची बाईंना विनंति आहे.